पक्षी खरा आहे

मानोऱ्याच्या एसटी थांब्यावर पाटी होती: ‘अमेरिकेच्या जंगलातला डोळेवाला टर्की. जिवंत पाहा.’ ती वाचून मी १९७४च्या रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत एकटीच गेले.

हा पक्षी मी अमरावतीच्या कॉलेजात, एका पुस्तकातल्या रंगीत पानावर पाहिला होता. निळं डोकं, त्यावर नारिंगी गाठी, शेपटीच्या पिसांवर मोरासारखे डोळे. ग्वाटेमालाकडच्या उष्ण जंगलांत राहणारा. मानोऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवताना नऊ वर्षांत त्याच्याविषयी मला कोणी विचारलं नव्हतं.

तंबूतल्या पिंजऱ्यात तो एकटाच होता. शेपटीवरचे डोळे सुबक होते, पण ऑइल पेंटचे. छातीवर काळ्या राठ केसांचा झुपका लोंबत होता. त्या जातीला तो नसतो. हा साधा, पाळीव टर्की होता.

माझ्या मागे सेवालाल उभे होते. त्यांची मुलगी माझ्या वर्गात.

“बाई, तुमी सायन्सवाल्या. खरा हाय का हा? नसन तं सांगा, आत्ता तंबू उखडून फेकतो.”

लोक थांबले. तंबूचा मालक बाबूसिंग माझ्याकडे पाहत राहिला. तेवढ्यात कोणीतरी खोकलं आणि पक्ष्यानं मान ताणून गुळगुळ आवाजात उत्तर दिलं. बाहेर डफ वाजला, त्यालाही दिलं.

“मादी मेली याची,” बाबूसिंग हळूच म्हणाला. “तवापासून कोनी बी आवाज करो, याले वाटते तेच आली.”

“पक्षी खरा आहे,” मी म्हणाले.

“झालं. बाई म्हनते म्हंजे खरा,” म्हणत सेवालाल बाकीच्यांना घेऊन निघाले.

मग मी बाबूसिंगला सांगितलं, “तो झुपका कापा. ऑइल पेंट नको, चोचीतून पोटात जातो. नीळ आणि हळद वापरा. पिसाचं टोक सोनेरी हवं.”

“तुमाले सारं ठाऊक हाय. मंग काहून नाई बोलल्या?”

मी वाकून पक्ष्याचे पाय पाहू लागले.

“अजून सांगा ना, बाई.”

मी सांगितलं. लाल पाय, ठिपक्यांची अंडी, जंगल, पहाटेचा आवाज. दहा मिनिटांत सगळं संपलं.

एसटीच्या रांगेत धुळीनं मला खोकला आला. तंबूतून लगेच उत्तर आलं. गाडीला वेळ होता. मी पुन्हा खोकले. या वेळी धूळ नव्हती.