जळालेल्या सभागृहाचा इतिहास

लोणावळ्यातलं जळालेलं सभागृह दुरुस्त झालं. उद्घाटनाला त्याचा इतिहास कोणी सांगायचा, असा विषय निघाला, तेव्हा नंदाबाई आपणहून पुढे झाली. कमिटीला बरं वाटलं. तिचा नवरा रखमाजी तिथला जन्माचा राखणदार. म्हातारीनं झालंगेलं विसरून मन मोठं केलं, असं जो तो म्हणाला.

ती काहीच विसरली नव्हती. एका लग्नात आग लागली तेव्हा मंडप आणि लायटिंगवाल्या संदेशनं सगळं रखमाजीच्या बिडीवर ढकललं. रखमाजीला कामावरून काढलं. बाजारात पोरं त्याला 'काडेपेटी' म्हणून हाका मारायची. त्यानं अंथरूण धरलं आणि त्यातच गेला. पुढे संदेशचा वायरमन अल्लाउद्दीन त्याचं काम सोडून आला, नंदाबाईच्या ओट्यावर बसून खरं काय ते बोलला. "आजच सगळ्यांना सांगतो," म्हणाला.

नंदाबाईनं त्याला थांबवलं. "त्याच्या गळ्यात हार पडू दे आदी."

हार पडला. दुरुस्तीला देणगी दिली म्हणून संदेश पहिल्या रांगेत, बायको शेजारी, मुलीचे सासरे मागे. नंदाबाई माइकपाशी गेली.

"ह्यो हॉल गावानं बांधला. डोंगरावरनं दगूड आणलं, त्यात आमचं मालकबी व्हतं. हितं लय नाटकं झाली, लग्नं लागली. मग जळाला. कसा, ते अल्लाउद्दीनभाऊ सांगतील."

अल्लाउद्दीन मागून उठला. "वायर जुनी होती. पडद्याला लागून तापत होती. रखमाजीभाऊंनी सांगितलं, मीपण सांगितलं. संदेशशेठ म्हणाले, आधी लग्न उरकू दे. बिडीचं त्यांनी नंतर रचलं. माझं पोट त्यांच्यावर होतं, मी गप्प राहिलो."

संदेश स्टेजपाशी येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "मावशी, घरी बसून बोललो असतो आपण."

माइक चालूच होता. "घरी आलतं की आमचं मालक. हात जोडून हुबं व्हतं. तुमी दार लावलं."

व्याही उठून गेले. संदेशनं हार काढला, बायकोला घेऊन मागच्या दारानं निघाला. त्याच आठवड्यात कमिटीनं त्याच्या नावाची पाटी उतरवली, पोलिसांत तक्रार दिली. मावळातली लग्नं त्याच्या हातून सुटली ती सुटलीच.

त्या दिवशी नंदाबाईला वाटलं होतं, बोलून झालं की रडू फुटेल. तसं काही झालं नाही. ती स्टेजवरून उतरली, संदेशच्या रिकाम्या खुर्चीत ऐसपैस बसली आणि पुढे आलेला पेढा चवीनं खाल्ला.