शनिवारची डांगरी

मार्गशीर्षातली सकाळ. वारणेच्या पाण्यावर धुके उभे होते. धूम्रवर्णी, मळीगंधी, मंथर धुके. कारखान्याच्या धुराड्यातला धूर कुठे संपला आणि धुके कुठे सुरू झाले, ते सांगता येऊ नये. पैलतीरावरच्या उसाला तुरे आले होते. रुपेरी, नतमस्तक, दवाने जड झालेले तुरे. आणि ऐलतीरावर, घाटाच्या तिसऱ्या पायरीवर, हौसाबाई परटीण कारखान्याचे गाठोडे सोडत होती.

गाळपाचा हंगाम लागला की दर शनिवारी हे गाठोडे तिच्याकडे येई. फिटरांच्या, त्यांच्या हाताखालच्या खलाशांच्या, सदरा-विजार एकत्र शिवलेल्या निळ्या डांगऱ्या. तैलश्याम बाह्यांच्या, काजळल्या कोपरांच्या, ग्रीसने लिंपलेल्या गुडघ्यांच्या. बघणाऱ्याने म्हणावे, या कापडाचे निळेपण आता संपले. हौसाबाई म्हणे, रंग कुठे जात नाही बाई, तो नुसता लपून बसतो.

तिची रीत ठरलेली होती. आधी सुरीच्या पाठीने ग्रीस खरवडायचे. मग चुलीतली राख वस्त्रगाळ करून डागावर दाबायची आणि राखेला तेल पिऊ द्यायचे. मग घासलेटाचा बोळा, मग रिठ्याचा फेस, शेवटी सोड्याचे ऊन पाणी. आणि डाग पुरता गेल्याखेरीज इस्त्री नाही. इस्त्री फिरली की डाग कापडाचाच होतो, मग तो ब्रह्मदेवाच्या बापालाही निघायचा नाही, असे ती भावकीतल्या नव्या सुनांना दटावून सांगे. हौसाबाईच्या हाताला न निघणारा डाग नाही, असा आसपासच्या गावांत तिचा लौकिक होता.

त्या लौकिकानेच तिचा घात केला.

शिरपती तिचा एकुलता एक. तो कारखान्यात फिटर म्हणून लागला तेव्हा तिने घरची एक रीत मोडली. परटाच्या घरात घरच्या कपड्यांवर खूण घालत नाहीत. खूण गिऱ्हाइकाच्या कापडाला. घरचे कापड हात आपोआप ओळखतो. पण एवढ्या निळ्या डांगऱ्यांत आपली निळी डांगरी हरवायची, म्हणून तिने बिब्बा घेतला, सुईने टोचला आणि गळपट्टीच्या आत दोन ठिपके दिले. खाली एक आडवी रेघ ओढताना रस बोटावर आला, आग झाली आणि रेघ वाकली. वर चुना लावला. खूण काळीभोर उठली, जन्माची.

शिरपतीने ती उजेडाकडे धरून पाहिली. दोन डोळे आणि खाली वाकलेले ओठ.

"आई, ही तर हसतीया की," तो म्हणाला. "आणि आजपास्नं मीबी तुझं गिऱ्हाईक."

तेव्हा ती खळखळून हसली होती. बिब्बा बोटावर उतला, फोड आला, फुटला, त्याचा काळा वण राहिला. त्या वणाचेही तिला कौतुक वाटायचे.

गेल्या पौषात, रविवारी, सूर्य उगवता उगवता, असेच धुके होते. पाळी संपवून शिरपती सायकलवरून घरी येत होता. रस्त्यात उभी असलेली उसाची गाडी त्याला दिसली नाही. त्याच्या अंगात घरचाच सदरा होता. डांगरी आदल्या दिवशी त्याने आपल्या हाताने गाठोड्यात टाकली होती.

तेरा दिवस गाठोडे कोपऱ्यात पडून राहिले. चौदाव्या दिवशी हौसाबाई घाटावर आली, कारण हातांना दुसरे काही येत नव्हते. हात चालले, मन तिथे नव्हते. राख, घासलेट, रिठा, सोडा. राख, घासलेट, रिठा, सोडा. दोरीवर टाकताना एका डांगरीची गळपट्टी उलटली आणि तिथे दोन ठिपके हसत होते.

तिने डांगरी तोंडाशी धरली. रिठ्याचा वास आला. नुसता रिठ्याचा. शिरपतीला उजव्या मांडीवर हात पुसायची खोड होती. चार बोटांचा ओढलेला काळा डाग दर शनिवारी तिथे असे आणि दर शनिवारी ती त्याला बोलून घेई. तिथे आता स्वच्छ निळे कापड होते. लेकाचे एवढेच तर मागे राहिले होते, आणि ते आईने आपल्या हातांनी नदीत सोडले होते. तेही असे नीट, की एकाही धाग्यात काही उरले नव्हते.

डांगरी कारखान्याची, म्हणून ती कारखान्याच्या कोठीत परत गेली. कापड परटाच्या घरी पाहुणे असते, त्याला ठेवून घेऊ नये, हे सासऱ्याने घातलेले वळण. मागायला तिची जीभ उचलली नाही. पुढे वर्षभर ती त्या न उच्चारलेल्या शब्दावर जळत राहिली.

आज गाठोड्यातून एकेक डांगरी काढता काढता तिचा हात थबकला.

उजव्या मांडीवर चार बोटे. ओढलेली, काळी, ओलसर. तिने गळपट्टी उलटली. खूण हसत होती.

तिच्या हातून गेलेला डाग आजवर परत आला नव्हता. हा आला होता. त्याच जागी, त्याच लांबीचा, तसाच खाली जाताना पुसट होत गेलेला. वेडी आशा काही विचारून येत नाही. क्षणभर तिला खरेच वाटले, शिरपती काल कामावर होता.

तिने सुरी बाजूला ठेवली. बाकीच्या डांगऱ्या धुऊन काढल्या. ही मांडीवर घेऊन बसली. धुके विरले, ऊन पायऱ्या उतरून पाण्याशी आले, तरी ती बसून होती. घरी कोळशाची इस्त्री होती. एकदा, फक्त एकदा ती या डागावरून फिरवायची. मग तो कुणाच्या बापाला निघायचा नव्हता, तिलाही नाही. जन्मभर जे करू नका म्हणून सांगितले, तेच करायला तिचे हात शिवशिवत होते.

दुपारी इलाही मुलाणी घाटावर आला. यंदाच्या हंगामात लागलेला फिटर. तिशी ओलांडलेला, बोलायला मऊ. कोठीतून नुकतीच मिळालेली डांगरी काल पहिल्यांदाच धुवायला टाकली होती आणि तिच्यावर आधीचीच कुणाची तरी खूण होती. आपली घालून घ्यावी, नाहीतर अदलाबदल व्हायची, एवढेच सांगायला तो आला होता.

हौसाबाईने डागावर बोट ठेवून विचारले, हात इथे कुणी पुसला.

"मीच की, मावशी," तो ओशाळला. "तीन नंबरच्या चाकाला ग्रीस भरताना डावा हात दांडीवर ठेवाय लागतो. उजवा तेवढा मोकळा. तितं जो उभा ऱ्हाईल, त्यो हितंच हात पुसणार."

म्हणजे ती शिरपतीची खोड नव्हती. तो चाकाजवळच्या त्या जागेचा डाग होता. वर्षभर ज्याच्यासाठी ती झुरली, तो डागही तिच्या लेकाचा एकट्याचा नव्हता. तिला रडू आले, आणि ते तिने आवरले नाही.

"माझ्या शिरपाची हाय ही," ती म्हणाली.

इलाही पायरीवर खाली बसला. त्याला नाव ठाऊक होते; शिरपतीच्याच जागी तो लागला होता. तो म्हणाला, "ठेवा तुमच्यापाशी. मी कोठीतनं दुसरी घेतो."

वर्षभर जो शब्द तिच्या जिभेवर अडला होता, तो असा न मागता समोर आला होता. तिने डांगरी छातीशी धरली. धरून ठेवली. मग तिची नजर इलाहीच्या हातांवर गेली; नखांत ग्रीस, बोटांच्या पेरांत काळ्या रेघा. असे हात तिने वीस वर्षे गिऱ्हाइकांच्या बाह्यांत पाहिले होते, आणि पाच वर्षे आपल्या घरच्या ताटावर, शिरपतीचे.

"पेटीत घालून काय करू? न घातल्याल्या कापडाला कसर लागती," ती म्हणाली. "तू घाल. शनवारच्या शनवारी माझ्याकडं टाकत जा."

"आन खूण?"

"हीच तुजी खूण."

तो गेल्यावर तिने आपली चार बोटे त्या चार बोटांवर ठेवली. डागाची बोटे तिच्याहून लांब होती. गेल्या वर्षी तिच्या हातांनी निरोप दिला तेव्हा तिचे मन तिथे नव्हते, आज होते. तिने राख दाबली, हळू, ताप आलेल्या कपाळावर ओली घडी दाबावी तशी. घासलेट. रिठा. सोडा. काळे सुटले, पाण्यावर पसरले, उन्हात मोरपिशी झाले, जांभळे झाले, लांबत लांबत वळणापर्यंत गेले. दिसेनासे होईतो तिने पापणी हलवली नाही.

मग तिने डांगरी दोरीवर टाकली.

सांजवारा आला. निळ्या बाह्या भरल्या, छाती भरली, पाय पाय टाकू लागले. गळपट्टी उलटली आणि दोन ठिपके हसले. हौसाबाईने काळ्या वणाचे बोट उचलून त्या खुणेशी नेले, हलकेच, त्याला लागेल न लागेल असे.

वारा पडला. बाह्या खाली आल्या.