चिकण मातीतली लिंबाची बाग

मित्रांनो, चपलेला चिकटली म्हणून तुम्ही जिला पायरीच्या कडेवर घासून घासून काढता, ती मी. नदीपासून थोड्या अंतरावर, सखल भागात पसरलेली एक जुनी चिकण माती. माणसाची चूक झाली की ते म्हणतात, 'माती खाल्ली.' नुकसान झाले की म्हणतात, 'सगळे मातीत गेले.' मी हे वर्षानुवर्षे ऐकून घेतले आहे. आज थोडे माझेही ऐका.

माझा जन्म पुराच्या पाण्यात झाला. नदी फुगून काठाबाहेर आली की बरेच काही बरोबर घेऊन येते. जड वाळू लवकर दमते आणि काठाजवळच खाली बसते. मी मात्र पिठाहून बारीक. पाण्याने मला पुष्कळ दूर नेले, आणि जिथे त्याचे वाहणे थांबले तिथे मी सावकाश तळाशी बसले. दर पुराला एक पातळ थर, अशी मी मोठी झाले. काठावरची वाळू माझी सख्खी बहीण, पण आमचे स्वभाव दोन टोकांचे. तिच्याकडे आलेले पाणी थांबत नाही आणि माझ्याकडे आलेले हलत नाही.

यात माझा हट्ट नाही बरे का. माझे कण इतक्या दाटीवाटीने बसलेले असतात की पाण्याला वाटच सापडत नाही. पावसात मी गोंदासारखी चिकटते. उन्हाळ्यात कडक होऊन अशी भेगाळते की भेगेत तुमचा हात मनगटापर्यंत जाईल. खोल खणून पाहिलेत तर मी करडी-निळसर दिसेन, कारण तिथे पाणी साचते आणि हवा पोचत नाही. एखाद्या जुन्या मुळाच्या वाटेने थोडी हवा आत आली असेल तर तेवढ्याच जागी गंजासारखे तांबूस ठिपके पडतात. लोक ते बघून नाक मुरडतात. मला मात्र ते ठिपके फार आवडतात, कारण तेवढ्याच ठिकाणी मी श्वास घेत असते.

पण नावडतीचे मीठ अळणी! पुराने आणलेला सगळा कस मी जपून ठेवला आहे, हे कुणी बोलत नसे. जो तो यायचा, गुडघ्यापर्यंत रुतायचा, कपाळावर हात मारायचा आणि निघून जायचा.

माझे पहिले कौतुक केले ते एका कुंभाराने. त्याने मला दोन बोटांत चोळले आणि बायकोला म्हणाला, "लोणी आहे गं, लोणी." माझ्याच कडेला त्यांनी दोन खोल्यांचे घर बांधले. पुढच्या पडवीत चाक, मागे भट्टी, आणि जमीन माझीच, धोपटून सारवलेली. त्यामुळे घरात काहीही बोलले गेले की मला कळायचेच. मी त्याच्या हाताखाली माठ झाले, कुंड्या झाले, रांजण झाले. रांजणावर त्याचा विशेष जीव. ओल्या तळव्याने तो आतली बाजू पुन्हा पुन्हा गुळगुळीत करायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "भाजून दिलेला माझा रांजण थेंबभर गळला तर परत आणा." कुणी कधी आणला नाही. त्या वर्षांत मी खरोखर सुखी होते.

मग त्याची मनगटे आखडली. आधी सकाळी दुखायची, पुढे दिवसभर दुखू लागली आणि चाक थांबले. ओल्या फडक्याखाली झाकलेला माझा गोळा तसाच वाळून गेला. कुंभार पडवीत बसून राहायचा. कुणी आले की बोलायचा, गेले की पुन्हा गप्प.

एक दिवस त्याची बायको म्हणाली, "अहो, त्या चाकाकडे किती दिवस बघत बसणार?"

"मग काय करू?"

"मागे एवढी जमीन पडलीय. लिंबं लावा. हाताला काम होईल आणि डोक्यालाही."

त्याच सुमारास वीटभट्टीवाला चकरा मारू लागला होता. त्याला मी सगळीच्या सगळी हवी होते. खरवडून न्यायची, साच्यात दाबायची, भाजायची. कुंभारीण व्यवहाराला पक्की. तिने नवऱ्याला स्वच्छ सांगितले, "दोन पावसाळे बघू. बाग धरली तर ठीक, नाही धरली तर विटवाल्याला हो म्हणायचं. आपलं वय आता हट्टाचं नाही." कुंभाराने मान हलवली.

मित्रांनो, मला भीती वाटली, हे कशाला लपवू? माठ होण्याची मला कधीच भीती नव्हती. ओंजळभर मी जायची आणि बाकीची इथेच राहायची. पण आता मी पुरती संपणार होते आणि मागे राहणार होता बेडकांचा एक मोठा खड्डा.

लिंबाची कलमे आली. खड्डे खणायला गडी लावले, पण शेवटचा हात कुंभाराने स्वतः फिरवला. गडी गेल्यावर तो प्रत्येक खड्ड्याशी बसला, हात पाण्यात बुडवला आणि आतल्या कडा गोलाकार सारवून काढल्या. कुंभाराला खडबडीत कड बघवत नाही. मग त्यात दुसरीकडून आणलेली भुसभुशीत माती आणि कुजलेले खत भरले, कलमे लावली आणि आनंदाने कंबर धरून उभा राहिला. मला ओरडावेसे वाटत होते, पण मातीला तोंड कुठे असते!

पाऊस सुरू झाला. त्या भुसभुशीत मातीतून पाणी सरळ खाली उतरले आणि तिथेच बसले. कडेने जायला वाट नाही, तळातून जायला वाट नाही. कलमांची पाने पिवळी पडून माना टाकू लागली. कुंभाराला वाटले, झाडांना तहान लागली असावी. पाऊस जरा उघडला की तो बिचारा झारी घेऊन यायचा आणि प्रेमाने आणखी पाणी घालायचा. मुळे गुदमरत होती आणि वरून पाहुणचार चालू होता.

पावसाळा सरत आला तेव्हा त्यांची लेक चार दिवसांसाठी माहेरी आली. शहरात शिवणकाम करायची. आल्या आल्या बागेकडे गेली आणि एक मेलेले कलम उपटून बघितले. सडक्या अंड्यांसारखा वास आला. मुळे काळी, बुळबुळीत. तिने नाकाला पदर लावला आणि दुसरा हात कोपरापर्यंत खड्ड्यात घातला. आत पाणी होते. कडा हाताला गुळगुळीत लागल्या, आणि त्यावर बोटांचे लांबट वळ. लहानपणी रांजणात डोके घालून ती जे वळ मोजत बसायची, तेच.

"बाबा, या कडा कुणी सारवल्या?"

"मीच. खड्डा कसा नीट दिसायला हवा."

लेकीने त्या वळांवरून पुन्हा एकदा बोटे फिरवली. मग हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही खड्डे नाही केलेत. रांजण केलेत."

कुंभाराने स्वतः हात घालून पाहिले. त्याची बोटे आपल्याच वळांत नेमकी बसली. कुंभारीण बाजूला उभी होती, तिने तोंडावर हात धरला. "आणि एकही गळत नाही मेला," ती म्हणाली. त्यावर कुंभारालाही हसू आले, पण डोळे भरून आले होते.

"पाणी जाऊ नये म्हणून जन्मभर हात झिजवले," तो म्हणाला. "आता पाणी जावं म्हणून काय करायचं, ते मला येत नाही गं."

हे ऐकून मला गलबलून आले. मलाही ते कधी आलेले नाही.

तिघेही तिथेच चिखलाच्या कडेला बसून राहिले. शेवटी कुंभारीण म्हणाली, "तो भोपळ्याचा वेल बघा, कचऱ्याच्या ढिगावर कसा माजलाय. त्याला कुणी खड्डा खणला होता?"

लेकीने आईकडे पाहिले. "खरंच की. खाली पाणी हलत नाही, तर झाडंच वर चढवूया."

लेक दुसऱ्याच दिवशी फावडे घेऊन निघाली, पण कुंभाराने तिला अडवले. मला ओली असताना उलथले तर माझी ढेकळे होतात आणि वाळली की फुटता फुटत नाहीत. फार वाळेपर्यंत थांबले तर फावडेच उडून येते. या दोन्हींच्या मधे थोडेच दिवस असे येतात की मी हाताला चिकटत नाही आणि दाबले की मोकळी होते. याला वापसा म्हणतात. ही पारख मात्र कुंभाराच्या बोटांत होती. तो रोज मला मुठीत दाबून बघायचा आणि म्हणायचा, "अजून नाही." लेकीने आपला मुक्काम वाढवला. तिच्या शिवणाच्या गिऱ्हाइकांनी काय म्हटले असेल ते तिलाच ठाऊक.

एका सकाळी गोळा मुठीत आपोआप फुटला. मग त्यांनी माझ्या वरच्या थराचे लांब उंच वरंबे घातले आणि त्यात पालापाचोळा मिसळला. जुन्या खड्ड्यांच्या कडा लोखंडी दातांच्या काट्याने खरवडून फोडल्या, ते भरून टाकले आणि उताराच्या बाजूला पाणी जायला एक चर काढला. जगलेली कलमे वरंब्यांवर चढली, मेलेल्यांच्या जागी नवी आली. मला खरवडताना कुंभाराचा हात दोनदा सवयीने कड सारवायला गेला. दोन्ही वेळा लेकीने नुसते "बाबा" म्हटले.

दुसरा पावसाळा आला. नदी काठाबाहेर आली आणि ओळखीच्या घरी यावे तशी माझ्यावर पसरली. वरंब्यांच्या मधे पाणीच पाणी, पण त्यांची डोकी वर होती. पूर ओसरल्यावर उरलेले पाणी चरातून हळूहळू निघाले. हळूहळूच, कारण माझा स्वभाव काही पालटला नव्हता. चार कलमे गेली. बाकीच्यांनी मुळे माझ्यात उतरवली, आणि जिथे जिथे मूळ गेले तिथे थोडी हवा आली. कुंभारीण रोज बांधावरून बघायची, कुणाला काही सांगायची नाही.

आणि पाऊस सरता सरता विटवाला आला. झिमझिम चालू होती. मातीचा अंदाज घ्यावा म्हणून तो सरळ आत पाय टाकणार, तोच कुंभार म्हणाला, "थांबा. आत जाऊ नका."

"का? साप निघाला का?"

"नाही. माती ओली आहे. आत्ता तुडवली तर ती दबेल. मग तिला श्वास घेता येणार नाही."

विटवाला हसला. "अहो, मी तिला साच्यात दाबून भाजायलाच न्यायला आलोय."

"माहीत आहे. म्हणूनच सांगतो, जाऊ नका."

विटवाल्याने कुंभारणीकडे पाहिले. घरात शेवटचा शब्द तिचा, हे त्याला पक्के माहीत होते. ती म्हणाली, "चहा टाकते. तेवढा घेऊन जा. पुन्हा मात्र चक्कर मारू नका."

मित्रांनो, मी आजही पाणी धरून ठेवते, आजही चपलेला चिकटते. मला बदलू नका, एवढेच मागणे आहे. मी कशी आहे ते आधी नीट बघा, मग फावडे उचला. आणि मी ओली असेन तेव्हा थोडे थांबा. थांबणे सोपे नसते, हे मला माहीत आहे. विटवाला गेला त्या संध्याकाळी मधल्या वरंब्यावर लिंबाला पहिले फूल आलेले कुंभाराला बांधावरून दिसले. त्याला ते जवळून बघायचे होते, वास घ्यायचा होता. पाऊस पडतच होता. तो चप्पल हातात धरून बांधावर भिजत उभा राहिला, आणि आत आला नाही.