हलू नका!

मी एक जुना कॅमेरा आहे. काचेच्या कपाटात बसून असतो. कपाटाला कुलूप आहे आणि माझ्या पोटातलं शटर केव्हाच अडकून पडलंय. म्हणजे मित्रांनो, मी एकदा नाही, दोनदा कोंडलेला आहे.

कारखान्यातून आलो तो थेट या स्टुडिओत. काम एकच, ओळखपत्रांचे फोटो. माझी मालकीण माणसाला स्टुलावर बसवायची आणि दरडावायची, "हलू नका!" भलीभली बडबडी माणसं खांबासारखी ताठ व्हायची. फ्लॅश उडाला की 'सुटलो एकदाचे' म्हणून श्वास सोडायची. मला मात्र तेवढ्यापुरतंच उघडायला मिळे. जन्मभर माणसं पाहिली, पण चालताना एकही नाही.

मागच्या खोलीत तिचे वडील असत. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचा हातखंडा होता. मग हाताला कंप सुटला आणि त्यांनी बाहेर येणंच सोडलं. "लाज वाटते गं हाताची," म्हणायचे आणि हात पांघरुणात लपवायचे. मला त्यांची फार कणव यायची. आम्ही दोघंही डब्यातलेच.

एका दुपारी ती मला घेऊन त्या खोलीत शिरली. खिडक्या लावल्या, वडिलांच्या हातात छोटी बॅटरी दिली.

"बाबा, हवेत पाटी रंगवा. आज हलायचं."

"म्हाताऱ्याची चेष्टा करतेस होय?"

"रंगवा तर!"

तिनं शटर उघडून ठेवलं आणि चेहरा स्पष्ट यावा म्हणून लगेच फ्लॅश उडवला. झालं! बाबांनी हात खाली टाकला. फ्लॅश उडाला म्हणजे फोटो संपला, हे त्या घरात हाडीमासी मुरलेलं. फोटोत चेहरा लख्ख आला आणि हाताच्या जागी बॅटरीच्या उजेडाचा नुसता फिकट डाग.

"बरोबर आलाय," बाबा म्हणाले. "पुसलाच गेलाय माझा हात." दार आतून लागलं. ती बाहेर बसून रडली.

चूक फ्लॅशच्या वेळेची होती, हे तिला मागाहून उमगलं. पुन्हा विनवण्या करून तिनं बाबांना उभं केलं. या खेपेला फ्लॅश हातात धरून ती थांबली. केवढा वेळ मी उघडा होतो! अंधारात उजेडाची रेघ वळत होती, थरथरत होती, आणि मी ती सगळी पिऊन घेतली. शेवटचं वळण झालं, मगच फ्लॅश उडाला.

बाबा माझ्याकडे तोंड करून लिहीत होते, म्हणून माझ्या बाजूनं अक्षरं उलटी आली होती. तिनं फिल्म पालथी धरून ती सुलट छापली. 'उघडे आहे.' कंपामुळे प्रत्येक अक्षराला बारीक झालर लागली होती.

"अगं, हे वळण माझंच की!" बाबा म्हणाले. मग हळूच विचारलं, "माझे ब्रश कुठे ठेवलेस?"

स्टुडिओच्या दाराची पाटी त्यांनी पायरीवर बसून, सगळ्यांदेखत रंगवली. एका बाजूला 'उघडे आहे', दुसऱ्या बाजूला 'बंद आहे', त्याच झालरीच्या अक्षरांत.

बाबा आता नाहीत. त्यांचा फोटो मी काढला म्हणून मालकिणीनं मला मानानं काचेत ठेवलं आणि चिठ्ठी लावली, 'हात लावू नका'. मित्रांनो, प्रेमानं कोंडलं तरी ते कोंडणंच असतं. तुमच्या घरात कुणी असं जपून बंद केलेलं असेल, तर एकदा कुलूप काढा. बिघडलेलं असलं तरी हातात घ्या.

दिवसभर बाबांच्या पाटीची 'उघडे आहे' ही बाजू रस्त्याकडे असते. माझ्याकडे 'बंद आहे'. संध्याकाळी स्टुडिओ बंद करताना मालकीण पाटी उलटते. तेव्हा कुठे 'उघडे आहे' माझ्यासमोर येतं, आणि ती दिवे घालवते.