स्वयंपाकघराचं बटण

फैजपूरच्या बाहेर, यावल रस्त्याला कौतिकनानांचा नवा बंगला बांधून होत होता तेव्हाची गोष्ट. केळीनं त्या वर्षांत चांगला हात दिला होता. नानांचा एकुलता मुलगा लीलाधर जळगावला एका डॉक्टरांच्या घरी वास्तुशांतीला जाऊन आला आणि आला तो एकच गोष्ट डोक्यात घेऊन. त्या घरात टेप एका खोलीत लावायचा आणि गाणं सगळ्या खोल्यांत ऐकू यायचं. व्हिडिओ दिवाणखान्यात, पण तोच सिनेमा आतल्या खोलीतल्या टीव्हीवरही दिसायचा.

"आपल्या घरातही करायचं," तो बायकोला, पुष्पाला म्हणाला. "स्लॅब पडायच्या आधी पाइप टाकले म्हणजे झालं. नंतर भिंती फोडायला नकोत."

पुष्पा धुळ्याची, कॉलेजात शिकलेली. लग्न होऊन इकडे आली तेव्हापासून घरातलं एकही काम तिला विचारून ठरलं नव्हतं. या वेळी मात्र लीलाधरनं तिला बरोबर घेतलं. जळगावहून भटू आला. त्याचं टेप आणि अँप्लिफायरचं दुकान होतं. प्लॅस्टर न झालेल्या खोल्यांमधून तिघं हिंडले. दिवाणखान्यात व्हिडिओ कुठे ठेवायचा, गच्चीवरच्या अँटेनाची वायर कुठून उतरवायची, जिन्याखालून पाइप नेला तर वळण किती पडेल, असं बरंच बोलणं झालं. स्वयंपाकघरात आल्यावर पुष्पा म्हणाली, "इथला स्पीकर ओट्याच्या वर नको. तेलाचा धूर लागेल. खिडकीच्या बाजूला लावा, म्हणजे भाकरी थापतानाही ऐकू येईल." भटूनं कोळशानं तिथे खूण केली.

तिला वाटलं होतं, स्वयंपाकघरात कशाला स्पीकर म्हणून नाना अडवतील. पण नाना लगेच म्हणाले, "तिथं तं पाह्यजेच." सासऱ्याच्या तोंडून असं काही ऐकायची तिला सवय नव्हती. त्या दिवशी तिनं धुळ्याला आईला फोन करून मुद्दाम हे सांगितलं.

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी ते नव्या घरात राहायला गेले. मोठा डबा, म्हणजे अँप्लिफायर, नानांच्या खोलीत बसवला होता. त्यावर खोल्याखोल्यांची बटणं होती आणि त्यांना हात फक्त नानांनी लावायचा, असं ठरलं होतं. सकाळी ते आकाशवाणीचं जळगाव केंद्र लावायचे. धुरपदाबाई, म्हणजे पुष्पाची सासू, भजनं लागली की हातातलं काम थांबवायच्या. घरात त्यांना सगळे अक्का म्हणत. चारचौघांत त्यांचा आवाज निघत नसे. नाना घरात असले की त्या मान हलवून उत्तर द्यायच्या. बोलायच्या त्या फक्त स्वयंपाकघरात, आणि तिथे मात्र पोट धरून हसवायच्या.

पुष्पाला दोन मुली होत्या. धाकटीच्या वेळी तिचं फार रक्त गेलं होतं आणि डॉक्टरीणबाईंनी पुन्हा दिवस जाऊ देऊ नका असं स्पष्ट बजावलं होतं. भुसावळला जाऊन ऑपरेशन करून घ्यायचं, हे तिचं आणि लीलाधरचं ठरलं होतं. नानांना सांगायचं काम लीलाधरचं होतं आणि ते तो रोज पुढे ढकलत होता. शेवटी एका दुपारी, मिरच्या भाजता भाजता, पुष्पानं अक्कांना सांगून टाकलं.

अक्का म्हणाल्या, "कर. मी दर दोन वर्सांनी बायंत झाले. एक लीलाधर हाती लागला, बाकीचे गेले. मले कोनी इचारलंच नही, का बाई, तुह्यात जीव राह्यला का." त्यांनी पुष्पाच्या हातातली सराटी घेतली आणि स्वतःच मिरच्या परतायला लागल्या.

संध्याकाळी दिवाणखान्यात केळीचे व्यापारी बसले होते. पुष्पा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. नाना तिच्याकडे न बघता लीलाधरला म्हणाले, "भुसावळले कोनी जायाचं नही. माह्या घराले नातू पाह्यजे. डाक्टरीन काय आपलं घर चालवते?"

व्यापाऱ्यांनी नजरा खाली घातल्या. पुष्पानं लीलाधरकडे पाहिलं. आता तो म्हणेल, हे आम्ही दोघांनी ठरवलंय. किंवा निदान म्हणेल, नंतर बोलू. लीलाधरनं ट्रेमधला कप उचलला आणि पंख्याकडे बघत राहिला.

ती तशीच आत गेली. अक्का पाटावर बसल्या होत्या. "तुम्हाला सांगितलं, ते माझं चुकलंच," पुष्पा म्हणाली. अक्कांनी वर पाहिलं. त्या बोलायच्या आत पुष्पा निघून गेली. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. पुष्पाला वाटलं, मनाला लागलंय म्हणूनच जेवत नाहीत. लागू दे.

दुसऱ्या दिवशी नाना सावद्याला गेले. स्टेशनावर केळीची वॅगन भरायची होती. धुतलेली धोतरं ठेवायला पुष्पा त्यांच्या खोलीत गेली तेव्हा डब्यावरचा लाल दिवा लागलेला दिसला. रेडिओ बंद होता, टेपही बंद होता. नुसतीच बारीक खरखर येत होती. बंद करावं म्हणून ती वाकली आणि डब्यातून तिला पिठाच्या परातीचा आवाज आला. मग बांगड्या. मग भाकरी थापल्याचा, ओळखीचा, एका लयीतला आवाज.

मग अक्का बोलल्या. खोलीत कोणी नसताना माणूस बोलतं तसं, पुटपुटत. "मी नही सांगलं वं माय. मी कोनाले काहाले सांगीन. माह्या पोटात राह्यते बठ्ठं."

पुष्पा डब्यासमोर जमिनीवर बसली. धोतरं मांडीवर तशीच. स्वयंपाकघराचं बटण खाली दाबलेलं होतं आणि त्याच्या शेजारी आणखी एक छोटं बटण होतं, वर 'बोला', खाली 'ऐका'. ते खाली होतं. तिनं ते वर केलं, आवाज गेला. खाली केलं, अक्कांचा श्वास ऐकू आला. भाकरी थापताना माणसाला धाप लागते हे तिला आजवर कधी ऐकू आलं नव्हतं. नानांना मात्र इतके दिवस रोज ऐकू येत होतं. आणि यापलीकडेही काय काय ऐकू आलं असेल, याचा हिशेब तिला लावता येईना. तिच्या पाळीचं बोलणं. अक्कांच्या गुडघ्यांचं. शेजारणीच्या नवऱ्याचं. नानांची नक्कल करून अक्कांनी हसवलं होतं, तेही.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. अक्कांचे पिठाचे हात धरून त्यांना नानांच्या खोलीत आणलं. "इथे उभ्या राहा," म्हणाली, आणि परत जाऊन खिडकीजवळ उभी राहून हळूच म्हणाली, "अक्का, मी तुमच्यावर खोटा आळ घेतला."

अक्का परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता. त्या एवढंच म्हणाल्या, "कव्हापासून?"

लीलाधर दुपारी मळ्यातून आला. पुष्पानं त्याला पाण्याचा तांब्याही दिला नाही. "तुम्हाला माहीत होतं?"

काय, असं त्यानं विचारलंच नाही. त्यावरूनच तिला कळलं.

"भटू म्हणाला होता, स्पीकर उलटा जोडला की तोच माइक होतो," तो म्हणाला. "नाना म्हणाले, असू दे. एवढं मोठं घर, चोरबीर शिरला तर कळेल."

"चोर स्वयंपाकघरात बसून गप्पा मारतो का?"

"वडील माणूस आहे, पुष्पा. त्यांना सवय आहे सगळं माहीत असायची. रोज थोडंच ऐकत असतील."

"दिवाणखान्यात आहे का तसं बटण?"

"नाही."

"आणि आपल्या खोलीत?"

"आपल्या खोलीत मी टाकू दिलं नाही," लीलाधर जरा घाईनं म्हणाला. तिला बरं वाटावं म्हणून म्हणाला.

पुष्पा त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणजे तुम्हाला कळत होतं," ती म्हणाली. "ही वाईट गोष्ट आहे, हे तुम्हाला पुरतं कळत होतं. स्वतःपुरतं कळलं. आम्ही दोघी दिवसभर जिथे असतो तिथे मात्र चाललं. मी तुमच्याबरोबर त्या खोलीत उभी होते. कुठे लावा ते मी सांगत होते. माले कोनी इचारं का?" धुळ्याची बोली तिच्या तोंडून कधी निघाली, तिचं तिला कळलं नाही.

पंख्याकडे बघायला लीलाधरला या वेळी जमलं नाही.

तोवर मागच्या अंगणात धूर निघायला लागला होता. बांधकामाच्या वेळी गवंड्यांनी मांडलेली विटांची चूल तिथे अजून होती. अक्कांनी तीच पेटवली होती. गॅसची शेगडी सोडून, डबे, तवा, परात सगळं त्या एकट्याच बाहेर नेत होत्या. पुष्पानं न विचारता दुसरी परात उचलली.

नाना सावद्याहून आले ते वॅगनवरच्या दोन माणसांना जेवायला घेऊनच. मागे येऊन म्हणाले, "बाहेर काहाले मांडलं?"

अक्कांनी तव्यावरची भाकरी उलटली. "इथं तुमचं यंत्र नही," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण तो ओट्यापाशी बोलायच्या तसा मोकळा होता. पाहुण्यांनी तो आवाज बहुधा पहिल्यांदाच ऐकला असावा.

नानांचा चेहरा लाल झाला. "मी घरचा मालक हाये. माह्या घरात काय चालू राह्यलं ते मले कयालं पाह्यजे."

"मंग इचारा," अक्का म्हणाल्या. "चाळीस वर्सं तुमच्यासमोर ताट वाढू राह्यले. एकदा तरी इचारलं का, का तुह्या मनात काय हाये? आता भिंतीले कान लावता. मले तुमची लाज वाटते."

नाना पाहुण्यांना घेऊन पुढे गेले. त्या दिवशी त्यांच्याकडे जेवण पुढच्या दारानं गेलं, ते लीलाधरनं नेलं.

चूल बाहेरच राहिली. यावल रस्त्यावरून जाणारी-येणारी माणसं नव्या बंगल्याच्या मागे विटांच्या चुलीवर स्वयंपाक होताना बघायची. गॅस संपला का, असं ओळखीचे विचारायचे, आणि नाना उत्तर न देता चालायला लागायचे. त्यांनी चूक कबूल केली नाही. ते उलट पुष्पाच्या हातचं पाणी पिणार नाही म्हणाले. पुष्पानं त्यांना पाणी द्यायचं सोडून दिलं.

मग व्हिडिओत चित्र हलायला लागलं म्हणून भटू आला. पुष्पानं त्याला दारातच गाठलं.

"वहिनी, मला वाटलं घरात सगळ्यांना माहीत असेल," तो खाली बघत म्हणाला.

"मी समोर उभी होते, भटूभाऊ. तुम्ही खूण करत होता. वाटण्यापेक्षा विचारणं सोपं होतं."

ती त्याला नानांच्या खोलीत घेऊन गेली. नाना पलंगावर बसलेले होते. त्यांच्यासमोरच तिनं सांगितलं, "ते बोला-ऐकाचं बटण काढा. स्वयंपाकघराची वायरही काढा." भटूनं नानांकडे पाहिलं. नाना भिंतीकडे बघत राहिले. हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. दारात लीलाधर येऊन उभा राहिला होता. "काढ," तो म्हणाला. "मीच लावायला सांगितलं होतं, मीच सांगतो." नाना उठून बाहेर गेले.

"एकेरी जोडून देऊ का?" भटूनं विचारलं. "भजनं तरी ऐकू येतील."

"नको," पुष्पा म्हणाली. आतून अक्काही म्हणाल्या, "नको."

पुढच्या सोमवारी पुष्पा आणि अक्का भुसावळच्या एसटीत बसल्या. मुलींना शेजारच्या बेबाबाईंकडे ठेवलं होतं. नानांना कोणी विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं, आणि ते सांगताना लीलाधर पहिल्यांदाच वडिलांसमोर उभा राहून बोलला होता. नानांनी पाठ फिरवली होती. गाडी सुटायच्या बेतात असताना लीलाधर धावत चढला. पुष्पाशेजारी अक्का होत्या. त्या सरकल्या नाहीत. तो मागच्या सीटवर बसला.

"डाक्टरीनले मीच इचारीन," अक्का पुष्पाला म्हणाल्या. "किती दिवस वजन उचलायचं नही, काय खायाचं. तू इसरशीन."

त्या मोठ्यानं बोलत होत्या. पुढच्या बाकावरच्या बायकांनी वळून पाहिलं. अक्का त्यांच्याशीही बोलायला लागल्या. पुष्पानं खिडकीला डोकं टेकलं. मागून लीलाधरनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, पण मागे वळूनही पाहिलं नाही.