लंकाबाईने विझवलेला विळा

मी विळा बोलतोय. तिसगावच्या बाजारात लोहाराने मला घडवले ते बाजरी कापायला. पण राहीबाईच्या घरात माझ्यावर आणखी एक काम पडले, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

तान्ह्या लेकराला धाप लागली, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, की गाव म्हणे, 'डबा झाला.' मग राहीबाई माझे टोक चुलीत लाल करायची आणि लेकराच्या पोटाला डाग द्यायची. पाय बापाने धरायचे, ही रीत. राहीबाई दुष्ट नव्हती. डाग देताना तीच आधी रडायची.

तिची सून लंकाबाई. लंकाबाईची थोरली लेक माझ्या डागानंतर तिसऱ्या दिवशी गेली. लोक म्हणाले, डाग उशिरा दिला.

दुष्काळाच्या साली सहा महिन्यांच्या भीमाला तशीच धाप लागली. लंकाबाईने त्याच्या कपाळी कानिफनाथाचा अंगारा लावला. तोवर मी लाल झालो होतो. तिच्या नवऱ्याने, सूर्यभानने, लेकराचे पाय धरले.

"आत्याबाई, अंगारा नाथाचा," लंकाबाई म्हणाली. "डाग कुणी सांगितला?"

"माझ्या सासूनं."

"तुमची सासू काय देव न्हवती."

"लई शानी झालीस. ह्याचा बाप डागानंच जगला."

"आन माझी लेक डागानंच गेली." मग ती नवऱ्याकडे वळली. "पाय सोडा."

सूर्यभानने आईकडे पाहिले, लेकराकडे पाहिले आणि हात काढले.

लंकाबाईने मला मुठीला धरून ओढले आणि टँकरवरून आणलेल्या, दिवसभर पुरवायच्या पाण्याच्या हंड्यात बुडवले. मी चर्रकन विझलो. राहीबाई आधी पाण्यासाठी हळहळली.

वाटेत भावकीने अडवू नये म्हणून लंकाबाईने मला कमरेला खोचले आणि लेकरू उचलून सरकारी दवाखाना गाठला. सूर्यभान मागून आला. तिथल्या नर्सबाई अंगारा पुसू लागल्या.

"ऱ्हाऊ द्या, बाई. ते माझं आन नाथाचं हाय. तुमी सुई टोचा."

भीमा जगला.

हंड्यात एकदम विझल्याने ठिसूळ झालेले माझे टोक पुढच्या सुगीत मोडले. त्याचे मला दुःख नाही. कुणी मला मागायला आले, तर लंकाबाई विचारते, "बाजरीला का चुलीला?" चुलीला म्हटले की मी जागचा हलत नाही.

भीमा उघड्या अंगाने आजीच्या मांडीवर लोळतो. राहीबाई त्याच्या पोटावरून हात फिरवते, काहीतरी शोधत असल्यासारखा. शोधू दे. तिथे मी नाही.