खिडकीपर्यंतचा रॅम्प

माझ्या मंजुरीची बातमी आली तेव्हा शनिवारची सकाळची शाळा सुटत आली होती. पोरं खिचडीच्या ताटल्या विसळत होती. हेडमास्तर अजिनाथ सरांनी फोन ठेवला आणि पायरीशी उभ्या असलेल्या बिरूला म्हणाले, "रॅम्प मंजूर झाला."

बिरू मेंढपाळ. लेकीला, दिपालीला, न्यायला आला होता. रॅम्पसाठी शाळेत खेटे घातले होते ते त्याच्या बायकोनं, द्वारकानं. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं.

मी तोच रॅम्प बोलतोय. खुलताबादच्या अलीकडे, डोंगराच्या कडेला आमची सरकारी शाळा आहे. दिपालीचे पाय चालत नाहीत. चाकाची खुर्ची मिळाली, पण खुर्ची पायऱ्या चढत नाही. म्हणून आधी आई, मग बाप तिला उचलून वर्गात बसवायचे. आता ती सातवीत आहे. बापाशिवाय दुसऱ्या कुणी उचललेलं तिला चालत नाही. आजीला, बानाबाईला, ती पेलत नाही. आणि दिवाळीनंतर बिरू मेंढरं घेऊन गोदाकाठाला जाणार होता. मी वेळेत झालो तर दिपाली शाळेत, नाहीतर मेंढरांमागं.

कडुबा मिस्त्री नकाशा घेऊन आला. नकाशा पाहिला, भिंत पाहिली, पुन्हा नकाशा पाहिला.

"सर, इथं तर खिडकी हाय."

जुन्या खोल्या पाडून नव्या बांधल्या तेव्हा शाळेचं दार डोंगराकडून रस्त्याकडे आलं. ते आणणारं आणि मला मंजूर करणारं नियोजन कार्यालय एकच. पण त्यांच्या टेबलावर नकाशा राहिला जुनाच. शहरातून इथं यायला तासही लागत नाही. कुणी आलं नाही.

सरांनी त्या कार्यालयातल्या साहेबांना फोन लावला. साहेब प्रशिक्षणात होते. विषय होता, दर्जेदार नियोजन. संध्याकाळी ते अगदी नम्रपणे म्हणाले, "सर, मंजूर नकाशाप्रमाणे होऊ द्या. बदल पुढच्या आराखड्यात सुचवा."

"साहेब, पोरगी खिडकीतून जाणार आहे का?"

"तुम्ही लेखी द्या ना, सर."

सरांनी लेखी दिलं. आठवण दिली. पुन्हा दिली. उत्तर येईना आणि काम थांबेना. कडुबानं मला सुरेख घडवला. उतार बेताचा, कडेला कठडा, चाकं घसरू नयेत म्हणून खरखरीत पृष्ठभाग. मी थेट खिडकीपाशी जाऊन थांबलो.

"लई भारी झालाय," कडुबा म्हणाला. "आता खिडकीला पायपुसणं टाका."

पहिल्या दिवशी दिपाली एकटी खुर्ची ढकलत वर आली. कुणाला हात लावू दिला नाही. मधे दम खायला थांबली, परत निघाली. माझ्या अंगावरून चाकं फिरली तेव्हा मला वाटलं, आपण ज्यासाठी आहोत ते हेच. मग तिनं खिडकीच्या गजांना हात लावला.

"आबा, मी काय मांजर हाय व्हय, गजातनं जायला?"

बिरू खाली उभा होता. "तुझ्या आईनं दाराला मागितला व्हता गं," एवढंच तो म्हणाला.

तपासणीला साहेब स्वतः आले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा शाळा पाहिली. खिडकीही पाहिली. मग त्यांनी खालून, वाकून फोटो काढला. त्यात खिडकी येत नाही.

"खिडकी काढून दार करू का, साहेब? आम्ही गावकरी मिळून करतो," सर म्हणाले.

"सरकारी भिंतीला हात लावू नका. आणि कागदावर तुमच्या शाळेत रॅम्प झालेला आहे. दुसरा मिळणार नाही."

दिवाळी झाली. बिरू मेंढरं घेऊन गेला. दिपाली गेली नाही. आजी खाली बसते, ती रोज वर येते आणि गजांपाशी खुर्ची लावते. सरांनी फळा तिला दिसेल असा फिरवून घेतलाय. वही गजांतून आत जाते, तपासून बाहेर येते. ऊन माझ्यावरून सरकतं तशी ती खुर्ची सरकवते.

मी मजबूत आहे, अजून पुष्कळ वर्षं टिकेन. साहेबांनो, एकदा येऊन माझ्यावरून चालत वर या आणि शेवटी काय आहे ते बघा. खिडकीचं दार अजून झालेलं नाही.